मरून पेनला मरून शाईच घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बहिणीनं वाढदिवसाला मरून रंगाचं, सोनेरी क्लिपचं फाउंटन पेन दिलं. स्टीलची मीडियम निब, आत कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतून शाई ओढून घेणारी नळी. पेनच्या रंगाला जुळावी म्हणून तुम्ही परदेशी बनावटीची गडद मरून शाई ऑनलाइन मागवली. आता मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) ऑफिसात मीटिंगमध्ये दोन मिनिटं पेन उघडं राहिलं की पुढची दोन अक्षरं उमटत नाहीत, पेन झटकावं लागतं. आणि एकदा चालायला लागलं की काना-मात्रा फुटतात, पानाच्या पाठीमागे ठिपके येतात. कल्याणला घरी रात्री डायरी लिहिताना पेन लगेच चालतं, पण शाई तिथेही फुटते. दोष पेनचा की शाईचा, आणि ह्या पेनला मॅचिंग शाई नेमकी कोणती, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता हेही विचारलंय की ड्रॉपरनं शाई भरायचं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन घ्यावं का.

पेन बहुधा ठीक आहे. शाईही वाईट नसावी. दोघांचं आपसात जमत नाहीये, आणि त्यात तुमची वही आणि हा जुलै महिना भर घालतायत. 'बहुधा' म्हणते, कारण निब भिंगाखाली धरल्याशिवाय छातीठोक निदान करणाऱ्या दुरुस्तीवाल्यावर मी स्वतःही विश्वास ठेवत नाही. मी गिरगावात राहते, आठवडाभर नोकरी करते आणि शनिवार-रविवार पेनं दुरुस्त करते. काम वडिलांकडून शिकले, त्याला आता बावीस वर्षं झाली. 'बिघडलंय' म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या पेनांपैकी निम्म्याहून जास्त पेनांना मी फक्त धुते आणि त्यातली शाई बदलते. लोक मात्र माझ्याकडे एखाद्या वैद्याकडे बघावं तसं बघतात.

तुमच्या तक्रारीत एक गंमत आहे. पेन सुरू होत नाही म्हणजे शाई कमी येतेय, आणि पाठीमागे ठिपके म्हणजे शाई जास्त येतेय. एकाच पेनात दोन्ही कसं? ह्याचं उत्तर मिळालं की शाई निवडायचं कोडं आपोआप सुटतं, म्हणून जरा आतलं सांगते.

बऱ्याच जणांना वाटतं की शाई वरून खाली घरंगळत येते. तसं असतं तर टोपण काढून पेन खाली धरल्याबरोबर सगळी शाई टेबलावर आली असती. निबेच्या पोटाखाली जो काळा, खाचांचा भाग दिसतो ते फीड. त्यात केसासारखी बारीक चर असते. शाई तिच्यातून निबेच्या चिरेपर्यंत येते ती समईच्या वातीत तेल चढतं तशी. शिवाय जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर पेन गुदमरतं. अमेरिकेत ल्युइस वॉटरमननं १८८४ साली पेटंट घेतलं ते ह्याच देवाणघेवाणीच्या बंदोबस्ताचं. म्हणजे निबेच्या टोकाशी शाई तयारीत उभी असते, आणि तिला बाहेर ओढून घेतो तो कागद. पेन, शाई आणि कागद असा हा तिघांचा संसार आहे. तुम्ही दोघांचंच विचारलंत.

आता तुमची शाई. गडद मरून करायचं तर पाण्यात रंग भरपूर घालावा लागतो. टोपण उघडलं की निबेच्या टोकाशी जो इवलासा थेंब असतो त्यातलं पाणी उडायला लागतं. बीकेसीच्या काचेच्या इमारतींत एसी दिवसभर हवा कोरडी करत असतो, तिथे हे फार झपाट्यानं होतं. पाणी गेलं, रंग राहिला, टोकाशी पाक धरला. तुमची दोन अक्षरं त्या पाकात अडकतात. झटकलंत की पाक निघून जातो, मागची पातळ शाई येते, आणि ती तर वाहायला मोकळीच. काही कंपन्या शाई सुळसुळीत चालावी म्हणून तिचा पृष्ठताण कमी ठेवतात, अशी शाई कागदाच्या तंतूंतही तेवढ्याच सुळसुळीतपणे शिरते. कल्याणला तुमच्या खिडकीशी पावसाळी हवा आहे, पंखा आहे, एसी नाही. तिथे टोक वाळत नाही, पण दमट कागद टीपकागदासारखा वागतो. एकच शाई, एकच पेन, दोन हवा. एवढ्यावरून मला पेनवर संशय घ्यावासा वाटत नाही.

आपल्या लिपीचाही ह्यात हात आहे. इंग्रजी सलग वळणानं लिहिणारा माणूस शब्दभर पेन टेकवून ठेवतो. आपण अक्षर काढतो, उचलतो, काना देतो, उचलतो, वेलांटी वर नेतो, आणि शेवटी परत मागे येऊन शिरोरेघ ओढतो. प्रत्येक उचलण्याला पेननं नव्यानं सुरू व्हायचं असतं, त्यामुळे अडखळणारं पेन मराठीत जास्त जाचतं. उलट पेन सढळ असेल तर काना जिथे शिरोरेघेला भेटतो तिथे ओल्यावर ओलं पडून गाठ येते. तुमच्या डायरीत बघा, शाई सगळ्यात आधी तिथेच फुटलेली दिसेल. मोडी लिहिणारे कारकून हुशार, ते आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिला टांगत, बोरू उचलायचं कामच कमी.

ह्या धंद्यातला जुना ठोकताळा असा आहे की सढळ पेनला आवरती शाई द्यावी आणि कंजूष पेनला वाहती. आम्ही मराठीतही बोलताना वाहतीला सरळ 'वेट' आणि आवरतीला 'ड्राय' म्हणतो. पेलिकनच्या ४००१ मालिकेतल्या शाया ड्रायकडे झुकतात. पायलटची इरोशिझुकू मालिका वेट. वॉटरमनची निळी आणि पार्करची क्विंक अधेमधे. हा ठोकताळा नव्वद टक्के वेळा चालतो असं म्हणण्याचा मोह होतो, पण मी असं कधी मोजलेलं नाही. माझ्या टेबलावर तो चालतो एवढंच सांगू शकते.

तेव्हा मॅचिंग ह्या शब्दाचा पहिला अर्थ हा: पेनच्या स्वभावाला जुळणारी शाई. पेनांच्या इतिहासात ही जोडी किती खोलवर जाऊ शकते त्याचा एक नमुना आहे. पार्कर कंपनीला झटपट वाळणारी शाई हवी होती. ती तयार झाली, पण इतकी अल्कधर्मी की त्या काळच्या पेनांच्या सामानाला झेपेना. मग त्या शाईला सोसेल अशा प्लास्टिकचं पेन बनवलं, आणि निब उघडी राहिली तर ती शाई टोकावरच वाळेल म्हणून निब टोपडं घातल्यासारखी झाकून टाकली. तेच १९४१ चं पार्कर ५१. त्या शाईच्या बाटलीवर बजावलेलं असे की ही दुसऱ्या कुठल्याही पेनात घालू नका. आपण शाळेत वापरली ती चिनी हिरो पेनं ह्याच झाकल्या निबेच्या घाटाची. एसीत बसून लिहिणाऱ्याला मी आजही असं झाकलेल्या निबेचं पेन सुचवते. पण तुमचं पेन बहिणीनं दिलेलं आहे, त्यामुळे तो विषय इथेच थांबवते.

आता काय करायचं ते. पेन आधी धुवा, आणि मनापासून धुवा. कन्व्हर्टरमधून साधं गार पाणी ओढून बाहेर टाका, दहा-पंधरा वेळा, मग कन्व्हर्टर काढून निबेचा भाग तासभर पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको, बऱ्याच प्लास्टिकला तडे जातात. पाणी स्वच्छ दिसायला लागलं म्हणून फसू नका. निब खाली करून पेन रात्रभर दुमडलेल्या टिश्यूवर उभं ठेवा, सकाळी टिश्यूवर गुलाबी चांदणी उमटलेली दिसेल. ती उमटायची थांबेपर्यंत पेन धुतलेलं नाही असं समजा. मुंबईच्या नळाला तलावांचं पाणी येतं, ते ह्या कामाला उत्तम. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं येत असेल तर शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्यानं करा, नाहीतर क्षार चरीत बसतात.

मग त्यात सगळ्यात कंटाळवाणी निळी शाई भरा. खरंच कंटाळवाणी. क्विंक, वॉटरमन किंवा आपली कॅमलची रॉयल ब्लू. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईच्या पुडीपासून सुरू केलेला हा धंदा पुढे उंटावर बसला, आणि त्यांची शाई अजूनही दोन-तीन वडापावांच्या पैशांत येते. माझ्या अनुभवात ती जरा फिकी लिहिते, पण निबेत अडून बसत नाही, आणि आत्ता आपल्याला तेवढंच हवंय. तीच वही घ्या. तेच दोन-चार शब्द लिहा, ज्यांत काना, वेलांटी, जोडाक्षर सगळं आहे. 'ज्ञानेश्वरी' चांगला शब्द आहे, 'क्षत्रिय'ही. मग ऑफिसात तसंच दोन मिनिटं टोपण उघडं ठेवून पुन्हा लिहा.

निळी लगेच सुरू झाली आणि फुटलीही नाही तर पेन निर्दोष सुटलं, मरून शाईचा स्वभाव कळला. निळीही सुरू व्हायला कुरकुरली तर दोन जागा तपासा. एक, टोपण. टोपणाच्या तोंडाला ओठ लावून हलकेच फुंका, हवा सरळ आरपार जात असेल तर निब टोपणातसुद्धा वाळतेय. काही टोपणांना मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं, तेवढं बघून घ्या. दुसरी जागा निबेचं टोक. सोनाराचं दहापट भिंग मिळालं तर चिरेच्या दोन्ही बाजू बघा. कारखान्यात टोक जास्तच गुळगुळीत घासलं गेलं तर दोन्ही पात्यांच्या आतल्या कडा गोल होतात आणि चीर कागदाला टेकतच नाही. इंग्रजीत ह्याला 'बेबीज बॉटम' म्हणतात, भिंगातून पाहिलंत की नाव कुणी आणि का ठेवलं ते विचारावं लागत नाही. असं असेल तर व्हिडिओ बघून पॉलिश पेपर हातात घेऊ नका. पेन नवं आहे, निब बदलून मागा. आणि निळी सुरू होते पण फुटतेही, असं झालं तर वही बदलून बघा. सत्तर-पंच्याहत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचा) झेरॉक्सचा कागदसुद्धा कंपनीनुसार वेगळा वागतो. रिमवरचा आकडा जाडीचा अंदाज देतो, शाई फुटेल की नाही ते कागदावरचा लेप ठरवतो. जपानी टोमोए रिव्हर हा कागद ५२ जीएसएमचा, कांद्याच्या सालीसारखा पातळ, आणि त्यावर शाई जागची हलत नाही. फक्त वाळायला वेळ घेते. पावसाळ्यात तर इतका वेळ घेते की मी पान उलटायच्या आधी चहा करून येते.

कोणतीही शाई घातली तर काय बिघडतं असं वाटत असेल तर माझा प्रताप ऐका. नववीत होते. जुन्या दफ्तरांतले मोडी कागद प्रदर्शनात पाहिले होते, शेकडो वर्षांपूर्वीची अक्षरं काळीकुळकुळीत. ती शाई काजळीची, काजळी विटत नाही, हे कुणीतरी सांगितलं. मला तसंच अमर काहीतरी लिहायचं होतं. घरात ड्रॉइंगची काळी वॉटरप्रूफ शाई होती, ती मी वडिलांच्या रोजच्या पेनात भरली. एक पान सुंदर लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेन मुकं. त्या शाईत लाख असते, वाळली की पाण्याला दाद देत नाही. वडिलांनी निब आणि फीड ओढून काढलं, चरीत डांबर भरल्यासारखं दिसत होतं. ते ओरडले नाहीत. "बये, ही शाई नाही, हे रंगारीकाम आहे," एवढंच म्हणाले आणि घासायला मलाच बसवलं. तीन रविवार गेले. दुरुस्तीचं माझं शिक्षण तिथून सुरू झालं, असं आता म्हणता येतं, तेव्हा नुसते हात काळे झाले होते.

तेव्हा बाटलीवर 'फाउंटन पेनसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नका. फाउंटन पेनसाठीच बनवलेल्या पिगमेंटच्या, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या, काळ्या शाया मिळतात, प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक किंवा सेलरची किवागुरो. त्यांचे कण फारच बारीक दळलेले असतात. पण त्या रोज लिहिणाऱ्यासाठी. पेन पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये पडून राहणार असेल तर नकोत. आणि दोन शाया एकमेकींत मिसळू नका. एक आम्ल, दुसरी अल्कधर्मी निघाली तर दूध फाटतं तसा साका खाली बसतो, आणि तो नेमका फीडच्या चरीत बसतो.

आता रंगाकडे येते. इतका वेळ मी रंगाला बाजूला ठेवलं म्हणून रंगाचा मला तिटकारा आहे असं समजू नका. माझ्याकडे हिरव्या पेनाला जुळणारी शाई शोधण्यात गेलेली दोन वर्षं आहेत. पण जुळवणं म्हणजे काय ते दादरच्या मॅचिंग सेंटरवाल्याला विचारावं. मरून साडी घेऊन गेलात तर तो डोळे झाकून मरून ब्लाउजपीस काढत नाही. आधी काठ बघतो. काठ सोनेरी असेल तर सोनेरीकडे झुकणारं कापड टाकतो, नाहीतर उठाव देणारा तिसराच रंग. आणि शेवटी साडी-कापड दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर येतो, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेलं उन्हात जुळेलच असं नाही. पेनचंही तसंच. तुमच्या पेनचं अंग मरून, काठ सोनेरी. अंगाला अंग जुळवलं तर गंमत जाते, शिवाय पेनचं चकचकीत मरून आणि कागदावर वाळलेलं मरून कधीच एक दिसत नाही. माझ्या डोळ्याला ह्या पेनासोबत उबदार गडद तपकिरी शोभेल. किंवा निळी-काळी, मरूनशेजारी ती फार छान बसते. ऑफिससाठी तीच सोयीची. मरून शाई मीडियम निबेतून पांढऱ्या कागदावर बऱ्याचदा लालसर उतरते, आणि साहेबानं लाल शाईत लिहिलेली साधी टीपसुद्धा समोरच्याला शेरा वाटते. शाळेतल्या बाईंची सवय आपल्या डोळ्यांना जन्मभर असते.

रंग निवडताना दुकानातल्या चार्टवर किंवा मोबाइलच्या फोटोवर जाऊ नका. कापसाच्या काडीनं फासलेला पट्टा आणि निबेनं ओढलेली रेघ ह्यांत फार अंतर असतं. सढळ पेनमध्ये तीच शाई गडद दिसते, कंजूष पेनमध्ये फिकी. एकाच बाटलीतून भरलेली माझी दोन पेनं लोकांना दोन शाया वाटतात. युरोपीय मीडियम निब ओढते ती रेघ जपानी मीडियमपेक्षा सहसा जाड असते, त्यात छटा खुलतात, पण बारीक मराठी अक्षर लिहिणाऱ्याच्या 'क्ष'चं पोट बुजतं. फोर्टातल्या पेनांच्या दुकानात किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेलात तर स्वतःचं पेन आणि स्वतःची वही घेऊन जा, दुकानदार ओळखीचा झाला की निब बुडवून दोन ओळी लिहू देतो. लिहिलेलं पान दुकानाबाहेर आणून बघा, वाळल्यावर पुन्हा बघा. बहुतेक शाया वाळताना रंग बदलतात.

एक घरगुती खेळ करून पाहा, वेळ असेल तर. टीपकागदाची किंवा कॉफीच्या फिल्टरची बोटभर पट्टी घ्या, खालून दोन बोटं सोडून तुमच्या मरून शाईचा थेंब ठेवा, वाळू द्या, आणि पट्टीचं टोक वाटीतल्या पाण्यात टेकवून उभी धरा. पाणी वर चढतं आणि रंग सुटे होतात. मी केलेल्या एका मरूनमध्ये गुलाबी सगळ्यात पुढे पळाला, मागून जांभळट, आणि काळपट राखाडी जागेवरच बसून राहिला. धुताना टिश्यूवर दिसते ती चांदणी गुलाबी का, आणि पारदर्शक कन्व्हर्टर गुलाबी का होतो, ते त्या पट्टीवर दिसतं. काही गुलाबी रंग प्लास्टिकला धरून बसतात, निघत नाहीत. तुमचं पेन अपारदर्शक आहे, तुम्हाला चिंता नाही.

सह्या, फॉर्म, चेक ह्यांसाठी वेगळा विचार करा. रॉयल ब्लू शाई धुण्याजोगी म्हणूनच बनवलेली असते, पावसाचा थेंब पडला की अक्षर गेलं, आणि उन्हात ती विटतेही. चेक हल्ली स्कॅन होऊन वटतात, रिझर्व्ह बँकेनंही प्रतिमेत नीट उमटेल अशी शाई वापरायला सांगितलंय, तेव्हा मरून-गुलाबीचे लाड तिथे नकोत. कागदोपत्री कामाला लोहयुक्त निळी-काळी सगळ्यात भरवशाची. हिराकस आणि ओकच्या झाडावरच्या मायफळ नावाच्या गाठींतलं टॅनिन ह्यांच्या जुन्या नुसख्याचं हे सौम्य रूप. लिहिताना निळी दिसते, मग हवा लागून काळवंडत जाते आणि पाण्याला दाद देत नाही. पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक आणि प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक ह्या जातीच्या. आम्लधर्मी असल्यामुळे पेन महिन्यातून एकदा धुवायचा नेम हवा, आणि पेन बरेच दिवस पडून राहणार असेल तर आधी रिकामं करा. तुमच्यासाठी मी ह्या दोघींपैकीच एक सुचवते. वर सांगितलेली परीक्षा पेन पास झालं की पेलिकनची ब्लू-ब्लॅक भरा. ती ड्रायकडे झुकते, म्हणजे फुटणं आवरेल. पण एसीत पुन्हा अडखळली, तर हट्ट न धरता वॉटरमनच्या निळ्यावर या. ऑफिसातला तास कोणत्या शाईनं सुरळीत जातो हे तुमचं पेनच सांगेल, मी गिरगावातून सांगू शकत नाही.

एबोनाइटचं ड्रॉपरनं भरायचं पेन जरूर घ्या, पण घरी डायरीला. एबोनाइटचं फीड शाईला छान धरतं, आपल्याकडची ही पेनं बहुतेक सढळ लिहितात, म्हणून त्यांना ड्राय शाई. त्यांच्या पोटात शाई भरपूर मावते आणि तीच अडचण होते. अर्ध्याच्या खाली आलं की वरची हवा हाताच्या उबेनं फुगते आणि शाईला ढकलते, अक्षरावर टपकन थेंब. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये शर्टाच्या खिशात असं पेन घेऊन चढणं हे धाडस आहे. शेजारच्याच्या शर्टाचाही विचार करावा.

राहिली तुमची मरून बाटली. टाकून देऊ नका, आणि कन्व्हर्टरमध्ये उरलेली शाईही तिच्यात परत ओतू नका, त्यानं बाटलीत बुरशी धरू शकते. पृष्ठभागावर जाळीदार पापुद्रा किंवा कुबट वास आला तर मात्र सगळी बाटली सोडून द्या. तोवर झाकण घट्ट लावून कपाटात अंधारात ठेवा. मधल्या काळात एखाद्या लहान कुपीत तिचे दहा थेंब आणि एक थेंब डिस्टिल्ड वॉटर असं करून बघा, थोडंच बनवा, लगेच संपवा. तेवढ्यानं टोकाशी पाक धरणं कमी होतं, रंग फारसा उतरत नाही. आणि डिसेंबरात, हवा कोरडी झाल्यावर, चांगल्या कागदावर घरीच ती पुन्हा भरा. बहिणीला पत्र लिहायचं असेल तर त्या पेनात तीच शाई हवी, हे मलाही मान्य आहे.